अर्धा फेरा मागे

मी एक जुनी डिझेल गाडी आहे, मित्रांनो. चारही चाकांनी ओढणारी, उंच, आणि आवाजाने थोडी घोगरी. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता डाव्या दाराला कोणता रंग म्हणावा, हे माझं मलाच सांगता येणार नाही. भंडारा जिल्ह्यात आसगावच्या पुढे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनात वसलेलं एक गाव आहे. त्या गावात पत्र्याच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, मी उभी असते. एका अंगाला गाय आणि दुसऱ्या अंगाला मी.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथलं मला फारसं आठवत नाही. माझी उमेदीची वर्षं मात्र लख्ख आठवतात. ती गोसीखुर्दच्या धरणाच्या कामावर गेली. ठेकेदाराचे एक साहेब मला चालवत. वैनगंगेच्या काठची गावं मी त्यांच्याबरोबर पालथी घातली. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून, चिखलातून, नाल्यांतून मी निघाले की शाळेतली पोरं मागे धावत यायची. "पाह्य पाह्य, कशी निघते!" असं ओरडायची. मला फार अभिमान वाटायचा. गावोगावच्या बाया मात्र दारात उभ्या राहून माझ्याकडे न बोलता बघत. त्या का बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

एका गावात साहेबांची माणसं उतरली आणि त्यांनी घरांच्या भिंतींवर नंबर टाकायला सुरुवात केली. एका अंगणात धुरपता नावाची बाई धान पाखडत होती. तिच्या भिंतीवर नंबर पडला, तेव्हा ती सूप तसंच हातात धरून उभी राहिली. तिचा नवरा मंगरू डिझेल इंजिनावर शेताला पाणी देऊन नुकताच परतला होता, त्याचे हात काळे होते. त्याने नंबर वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

ते गाव आता पाण्याखाली आहे.

पुढे साहेबांना नवी गाडी आली. मला कचेरीच्या मागे लावून ठेवलं. तीन पावसाळे मी तिथे उभी होते. माझ्या गादीत उंदरांनी पिल्लं घातली, चाकांतून बेशरमाची झुडपं वर आली. पूर्वी पोरं मागे धावत, आता काचेवरच्या धुळीत नावं लिहून जात. नंतर लिलाव झाला आणि मला एका तरुणाने घेतलं. त्याचं नाव सुगत. तो राईस मिलमध्ये फिटर आहे. तो मला घरी घेऊन आला. अंगणात मंगरू बसला होता, दारात धुरपता उभी होती. सुगत त्यांचाच मुलगा, हे मला तेव्हा कळलं.

"हे त तेच गाडी होय," धुरपता म्हणाली. "आपल्या घराले नंबर टाकाले आली होती. मी नाही बसत हिच्यात."

"गाडीनं थोडी टाकला नंबर?" मंगरू म्हणाला. "तिले जिकडं नेलं तिकडं गेली ते."

"मंग तुमीच बसा. मी पायी जाईन."

तिने शब्द पाळला. लग्नाकार्याला, बाजाराला, दसऱ्याला बुद्धविहारात सगळे माझ्यातून जात, आणि धुरपता लुगडं खोचून पायी निघे. सहा वर्षं ती माझ्यात बसली नाही. बसली ती तिची मूत्रपिंडं बिघडल्यावरच. तेव्हा तिच्या पायांत चालायचं बळ उरलं नव्हतं.

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी मी तिला भंडाऱ्याला नेते. तिथे डायलिसिस होतं. गावात त्याला 'रगत धुणं' म्हणतात. सकाळी आठला तिचा नंबर असतो. एक वारी चुकली की तिचे पाय सुजतात, दोन चुकल्या की उशीवर डोकं टेकवून श्वास घेता येत नाही. गाव आणि सडक यांच्यामध्ये नाल्यावर एक रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे, आणि पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहतं. एसटी पलीकडेच थांबते, ऑटो उतरत नाही, रुग्णवाहिकाही पाण्यापाशी येऊन उभी राहते. मागच्या महिन्यात मी पंक्चर होते, म्हणून तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेलं. ती भिजली, पुढची गाडी मिळेतो दहा वाजले, नंबर गेला आणि आठ दिवस ताप राहिला. तेव्हापासून घरात एकच बोलणं असतं. गाडी ठीक पाहिजे.

आणि नेमकी मीच ठीक नव्हते, मित्रांनो.

माझ्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला, काळ्या झाकणाआड, एक दातेरी रबरी पट्टा आहे. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तुमच्या आजीने कधी शेजारणीबरोबर धान कांडलं असेल, तर तिला विचारा. उखळ एक, मुसळं दोन. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. हात चुकला की मुसळावर मुसळ आदळतं. माझ्या पोटात तसंच चालतं. खालून दट्टे, म्हणजे पिस्टन, वर येतात, वरून झडपा खाली उघडतात. दट्टा वर पोचायच्या आत झडप मिटलेली हवी. ही वेळ तो पट्टा सांभाळतो. तो तुटला, किंवा त्याचे दाते सरकले, तर दट्टे झडपांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी संपतं.

तो किती किलोमीटर चालला की बदलायचा, हे ठरलेलं असतं. पण माझा किलोमीटरचा काटा साहेबांच्या काळातच बंद पडला होता. त्यामुळे माझं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. रपट्याच्या पाण्यातून धुरपताला घेऊन जाताना पट्ट्याची एकेक भेग मला जाणवत होती. इथेच तुटला तर? पाणी दारापर्यंत, मागे ही आजारी बाई. पण मला सांगता येत नव्हतं.

श्रावणातल्या एका सोमवारी भंडाऱ्याहून परतल्यावर सुगतला माझ्याखाली तेलाचा थेंब दिसला. कुठून गळतं ते बघायला त्याने वरचं झाकण उघडलं, आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, इकडं या. हे पाहा. बेल्टचा एक दाता गायब हाये. अन् हे भेगा."

मंगरू वाकला. डोळे बारीक केले. "मले त बेल्टच दिसून नाही राहिला."

"मोतीबिंदू काढून घ्या म्हणतो, तर आईचं होऊ दे म्हणता."

"आता आपण याच बेल्टवर भंडाऱ्याहून आलो?"

"हो."

मंगरूने खाटेवर पडलेल्या धुरपताकडे पाहिलं. "तिले सांगू नोको," तो हळूच म्हणाला.

"मले सांगाले कायले पायजे," खाटेवरून आवाज आला. "किडनी गेली, कान नाही गेले."

सुगतने पवनीच्या मनिष मिस्त्रीला फोन लावला. मनिष त्याचा मित्र. त्याच्या गॅरेजात आठ दिवसांचं काम पडून होतं. "आठ दिवस थांब, नाहीतर घरीच कर," तो म्हणाला. "मी फोनवर सांगतो. पण ध्यान ठेवजो, एक दाता जरी इकडचा तिकडं झाला, त इंजन गेलं." सुगतला बेल्ट नवा नव्हता. राईस मिलमध्ये तो रोजच पट्टे चढवायचा. पण ते सपाट पट्टे, त्यांना वेळ सांभाळावी लागत नाही. नागपूरहून पट्टा मागवला, तो मंगळवारी संध्याकाळी रपट्यापलीकडच्या एसटीने आला. हातात उरला एक दिवस, बुधवार.

बुधवारी पहाटेच काम सुरू झालं. बॅटरीची तार काढली, पंखा काढला, पंख्याचे पट्टे उतरवले. इंजिनाच्या खालच्या मोठ्या चाकाचा बोल्ट मात्र हलेना. सुगतने पान्याला लांब पाइप लावला, मंगरू त्यावर लोंबकळला, आणि कोठ्यातली गाय दचकून उठली. शेवटी करकरत बोल्ट सुटला.

सुगतची बायको दीपमाला शिवणकाम करते. चहा घेऊन आली तेव्हा सुगत चाकांवरच्या खुणा शोधत होता. ही खूण कारखान्यातूनच पाडलेली असते. प्रत्येक दातेरी चाकावर एक, आणि तिच्यासमोर इंजिनावर एक. त्या समोरासमोर आल्या की वेळ बरोबर.

"दिसून नाही राहिली," सुगत म्हणाला. "खडूनं करतो, त तेलानं पुसते."

दीपमाला आत गेली आणि नेलपॉलिशची लाल बाटली घेऊन आली. तिनेच ब्रशने तिन्ही चाकांवर बारीक रेघा ओढल्या.

"लग्नात दिली होती तुमच्या बहिणीनं," ती म्हणाली. "आज कामी आली."

"बरं झालं, तू लावत नाहीस ते," सुगत म्हणाला.

"लावाले वेळ कवा देता?"

मंगरू हसला. मलाही बरं वाटलं. पण लगेच सुगतने ताण देणारी गोल पुली सैल केली आणि जुना पट्टा काढला, आणि मला एकदम उघडं वाटलं. इतकी वर्षं ज्याने वर आणि खाली एकत्र बांधून ठेवलं होतं, तो सुटला होता. आता कोणी खालचं चाक नुसतं थोडं जरी फिरवलं असतं, तरी माझे दट्टे माझ्याच झडपांना भिडले असते.

सुगतने नवा पट्टा नीट चढवला, खालचा बोल्ट पुन्हा बसवला. तिन्ही लाल रेघा जागेवर होत्या. त्याने दोनदा पाहिलं, दीपमालाने एकदा पाहिलं. राहिलं होतं ताण देऊन पुली कसणं. किती ताण द्यायचा, ते मनिषला विचारायचं होतं. कोठ्यात फोनला रेंज नव्हती. गावात ती एकाच ठिकाणी येते, तलावाच्या पारीवर. पार म्हणजे तलावाचा बांध.

"बाबा, मी पारीवरून येतो. कशाले हात लावू नोका."

"नाही लावत, जा."

दीपमाला धुरपताला पथ्याचा भात भरवायला आत गेली. मंगरू आणि मी दोघंच उरलो.

मित्रांनो, मंगरू वाईट माणूस नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत त्याच्या हाताला कोणी काम सांगितलं नव्हतं. जमीन गेली, इंजिन विकलं. नव्या गावात तो नुसता बसून असतो. आज त्याच्यासमोर एक इंजिन उघडं पडलं होतं, आणि खालच्या बोल्टवर पाना तसाच लावलेला होता. त्याला वाटलं, पोरगा येईतो एक फेरा फिरवून पाहू, हलकं चालतं का बघू. त्याने पाना धरला.

आणि त्याने तो मागे फिरवला.

त्याचं कारण मला ठाऊक आहे. जुन्या गावात त्याच्याकडे पाण्याचं डिझेल इंजिन होतं, हाताच्या हँडलने सुरू करायचं. ते सरळ पुढे फिरवलं की अडतं, आतली हवा त्याला दाबते. म्हणून आधी हँडल अर्धा फेरा मागे न्यायचं, आणि मग झटक्याने पुढे. नदीकाठचा प्रत्येक शेतकरी तसंच करायचा. मंगरूने चाळीस वर्षं रोज सकाळी ते केलं होतं. त्याच्या डोक्याने काही ठरवायच्या आधीच त्याच्या हातांनी ते केलं.

पण मी पाण्याचं इंजिन नाही. माझी पुली सैल होती. चाक मागे गेलं, पट्ट्यात झोळ पडला, आणि वरच्या चाकावर 'टक टक' असा बारीक आवाज झाला. दोन दाते सरकले.

मंगरू थांबला. त्याने आवाज ऐकला होता. त्याने वाकून पाहिलं, पण त्याच्या डोळ्यांना सगळं धुरकट दिसत होतं. त्याने खालचं चाक हळूच पुढे आणलं, पाना होता तसा ठेवला, आणि खाटेवर जाऊन बसला. हात मांड्यांखाली घातले.

सुगत ओला होऊन परतला. त्याने घाईने पुली कसली. खुणा त्याने पुन्हा पाहिल्या नाहीत. का पाहाव्यात? मघाशी तर त्याने दोनदा पाहिल्या होत्या. मी आतून ओरडत होते, मित्रांनो. एकदा वर बघ! पण माझं ओरडणं कोणाला ऐकू येणार?

"मनिष म्हणते, आता हातानं दोन फेरे फिरव. खुणा परत जागेवर आल्या, त सेल्फ मार." त्याने पाना धरला आणि पुढे फिरवायला लागला. पाऊण फेऱ्यात चाक अडलं.

"कॉम्प्रेशन हाये," सुगत म्हणाला. "डिझेल इंजन हाये, जड जाणारच. तो पाइप द्या बरं, बाबा."

मंगरू उठला नाही.

"बाबा, पाइप."

मंगरूने पाइप उचलला. दोन्ही हातांनी धरला आणि तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा मी त्या भिंतीवर नंबर पडला त्या दिवशी पाहिला होता, पण इतका घाबरलेला तेव्हाही नव्हता. त्याने बोलावं, नाहीतर पाइप बाहेर पावसात फेकावा, असं मला वाटत होतं. त्याने तो सुगतच्या हातात दिला.

तेवढ्यात दीपमाला ताट धुऊन बाहेर आली.

"थांबा, अजी. कायले जोर लावून राहिले?"

"तुले काय समजते इंजनातलं?"

"इंजनातलं नाही समजत. मशीनचं समजते." तिने त्याला बाजूला सारलं, पाना धरला आणि अगदी हलकं पुढे लोटला. "हे पाहा. हवा दाबली, त भरल्या पोत्यावर हात दाबल्यावानी मऊ लागलं असतं, परत आलं असतं. हे परत नाही येऊन राहिलं. सुई प्लेटीवर आपटली का असंच लागते. माह्या मशीनची वेळ चुकली का असंच होते. तवा जोर नाही लावत, उघडते."

"पण मी सोता पाह्यल्या खुणा! तूनंबी पाह्यल्या." सुगतचा आवाज चढला. "म्हंजे झडपा आधीच गेल्या असतीन. सोमवारीच गेल्या असतीन. काय करू आता? उद्या सकाळी आठले आईले कसं नेऊ? एक सेल्फ मारतो. काय व्हायचं ते होऊ दे."

तो बॅटरीची तार जोडायला वळला. दीपमालाने त्याचा हात धरला, तो त्याने झटकला. आतून धुरपताच्या खोकण्याचा आवाज येत होता. सेल्फ म्हणजे विजेवर चालणारा स्टार्टर. सेल्फला हाताची समज नसते, तो थांबत नाही. पहिल्याच फेऱ्यात माझ्या आठही झडपा वाकल्या असत्या. आणि उद्या, परवा, पुढचा सोमवार, कुठलाच दिवस धुरपताचा राहिला नसता.

"सुगत," मंगरू म्हणाला.

"थांबा, बाबा."

"अरे ऐक ना. म्या फिरवली."

सुगत वळला.

"तू पारीवर गेला होता, तवा म्या पाना फिरवला. मागं. टक टक वाजलं. म्या पाह्यलं, पण मले दिसलं नाही." तो भराभर बोलत होता, थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही अशा भीतीने. "तू म्हटलं होतं, हात लावू नोका. तरीबी लावला. मंग सांगाची लाज वाटली."

"मागं?" सुगत म्हणाला. "मागं काहून फिरवली, बाबा?"

"इंजन असंच फिरवतेत."

पत्र्यावर पाऊस पडत होता. सुगतच्या मुठी वळल्या होत्या, आणि मला वाटलं, आता तो काय बोलेल ते या घरात कायमचं राहील. पण दारातून धुरपता बोलली. भिंतीला धरून ती उभी होती.

"चाळीस वर्षं तेच केलं यानं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीबी मले सोडून इंजनाले मागं-पुढं करत बसला होता. त्याच्या हातालेच माहीत नाही ना बाबू, का इंजन बदललं ते." मग ती मंगरूला म्हणाली, "पण सांगाची लाज वाटली म्हणे. माह्या जिवापरीस मोठी लाज होय का तुमची?"

मंगरूने मान खाली घातली. "नाही," तो म्हणाला.

सुगतने तार खाली ठेवली. त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि हाताचं ग्रीस गालाला लागलं. "दीपमाला, बॅटरी इकडं दे. टॉर्च म्हणतो मी."

त्यांनी खालचं चाक हळूच पहिल्या जागी आणलं आणि वर प्रकाश पाडला. वरच्या चाकाची लाल रेघ आपल्या जागेपासून दोन दाते मागे होती. पुन्हा सगळं सोडलं. पट्टा उतरवला. सुगत पुन्हा पारीवर गेला, मनिषला विचारून आला. मनिषने आधी शिव्या घातल्या, मग सांगितलं. खालचं चाक हळूहळू असं आणायचं की कुठलाच दट्टा वर नको, सगळे मधोमध. मगच वरचं चाक खुणेवर न्यायचं, आणि शेवटी खालचं. ते करताना दीपमालाने पाना धरला होता. तिचा हात इतका हलका होता की मला दुखलं नाही. प्रत्येक वेळी कुठे लागतं का, हे ती आधी तपासायची.

दुपार उलटली. पट्टा पुन्हा चढला, पुली कसली, तिन्ही रेघा समोरासमोर आल्या. या वेळी तिघांनी पाहिल्या. धुरपतानेही पाहिल्या. "लाल लाल दिसते," ती म्हणाली, आणि परत जाऊन बसली.

आता दोन फेरे हाताने फिरवायचे होते. सुगतने पाना बोल्टवर लावला आणि मंगरूकडे पाहिलं.

"या, बाबा. तुमी फिरवा."

"मी नाही."

"या म्हणतो ना. पुढंच फिरवा. मी मोजतो."

मंगरू आला. त्याने पाना दोन्ही हातांनी धरला. तो पुढे फिरवू लागला. माझ्या आत हवा दाबली गेली, पाना जड झाला, आणि त्याचे हात क्षणभर थांबले. सवयीने ते मागे जाऊ बघत होते, हे मला कळलं. त्यालाही कळलं. त्याने दात चावले आणि पुढेच जोर दिला. हवा सुटली, चाक निघालं. एक फेरा. पुन्हा जड, पुन्हा हलकं. दुसरा फेरा. कुठेच अडलं नाही. रेघा जागेवर आल्या.

"बरोबर?" मंगरूने विचारलं.

"बरोबर."

पण मित्रांनो, काळजी संपली नव्हती. मघाशी अडलं तेव्हा एखादी झडप वाकली का, हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपल्या पोटातलं सगळंच आपल्याला कळतं असं नाही. झाकणं लावली, पंखा चढवला, पाणी भरलं. गायीची धार काढायची वेळ झाली तेव्हा सुगत माझ्यात बसला. त्याने किल्ली फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली. मी खोकले आणि थांबले. दीपमालाने पदर तोंडाशी धरला. तिसऱ्यांदा फिरवली, आणि मी सुरू झाले. काळा धूर निघाला, मग पांढरा, मग निघेनासा झाला. मंगरूने बॉनेटवर कान टेकवला होता. तो तसाच ऐकत राहिला. सुगत म्हणाला, "बाबा, बस झालं, भाजंल," तरी त्याने कान काढला नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही रपट्यावर उतरलो, तेव्हा पाणी माझ्या पायरीच्या वर होतं. सुगतने चारही चाकांना जोर दिला. धुरपता मागे मंगरूशेजारी बसली होती.

"मुकाट काहून बसले?" तिने त्याला विचारलं. "अजून काई सांगाचं राह्यलं का?"

"नाही," मंगरू म्हणाला. "सगळं सांगितलं."

"मंग ठीक हाये."

आम्ही पलीकडे चढलो.

मित्रांनो, तुमच्याही घरी काही ना काही यंत्र असेल. मोटार असेल, पाण्याचा पंप असेल, आईची शिवणाची मशीन असेल. त्याला तेल द्या, पुसा, त्याचा पट्टा वेळेवर बदला. पण माझी विनवणी एवढीच नाही. आम्हाला हात लावताना तुमचा हात कधी तरी चुकणार. मोठ्या माणसांचेही चुकतात, जाणत्यांचे तर सवयीनेच चुकतात. तेव्हा पाना होता तसा ठेवून खाटेवर जाऊन बसू नका. आम्हाला जीभ नाही. 'टक टक' झालेलं आम्ही कोणाला सांगू शकत नाही. ते ज्याने ऐकलं, त्यानेच सांगायचं असतं. आणि कोणी येऊन सांगितलं, तर त्याच्यावर मुठी वळू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आपण ज्याच्यावर ओरडलो नाही, त्याच्यामुळे कोणाचा तरी गुरुवार वाचतो.

त्या गुरुवारी मी दवाखान्याच्या कुंपणाशी चार तास उभी होते. बारा वाजून गेल्यावर धुरपता बाहेर आली. मंगरूने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. ती एकटीच, सावकाश, माझ्यापर्यंत चालत आली आणि माझं दार तिने स्वतःच उघडलं.